मदत हवी आहे: उद्या सकाळपर्यंत तक्त्यावर सही करायची आहे. करू की नको?

लाटांखाली
पटकन सांगा, वायफायची मिनिटं संपत आलीत. जहाजावर येऊन १९ दिवस झाले, पहिलीच नोकरी आहे. आज रात्री सुपरवायझरने तक्ता पुढे केला आणि म्हणाला, सही कर, उद्या सकाळी वर पाठवायचाय. त्यात मी सांगितलेलं काहीच नाही. १९ च्या १९ ओळी एकाच पेनाने, एकसारख्या भरल्यात. मी म्हटलं उद्या करते. आता झोप येत नाहीये. त्यात चार दिवस डोकं गरगरतंय, उभी राहिले की पायाखालचं सरकतं. सही केली तर काय होतं आणि नाही केली तर काय होतं, एवढंच सांगा.

वारा_पडला
गरगरतंय म्हणजे तुला समुद्र लागलाय, दुसरं काही नाही. नवीन माणसाला लागतोच. मी सहा वर्षं प्रवासी जहाजांवर होतो, पहिल्या महिन्यात मीही भिंत धरून चालायचो. जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर हलणं सर्वांत कमी जाणवतं, पुढच्या टोकाकडे सर्वांत जास्त. ब्रेक मिळाला की उघड्या डेकवर जा आणि क्षितिजाकडे बघ. बिनखिडकीच्या केबिनमध्ये कान सांगतात हलतंय आणि डोळे सांगतात स्थिर आहे, त्यातूनच मळमळ होते. आल्याचा तुकडा तोंडात ठेव. आणि गोळी आधी घ्यायची असते, त्रास सुरू झाल्यावर नाही. केबिन कुठे आहे तुझी?

कागदवाचक
कसला तक्ता? पगाराचा, ओव्हरटाइमचा, की विश्रांतीच्या तासांचा? कुठल्या खात्यात आहेस, डेक, इंजिन की हॉटेल? हे न सांगता कोण काय सांगणार?

जुना_नांगर
मित्रा, सही करून टाक आणि झोप. मी ३१ वर्षं समुद्रावर काढली. पहिल्या करारात माणसाने कान उघडे ठेवावेत आणि तोंड बंद. मी हे तुझ्या भल्यासाठी सांगतोय.

तिसरी_घंटा
नांगरकाका, ती मुलगी आहे, 'उभी राहिले' असं लिहिलंय तिने. नीट वाचा हो.
@लाटांखाली, उलट्या किंवा जुलाब होताहेत का? होत असतील तर सहीचं नंतर बघू, आधी जहाजावरच्या दवाखान्यात जा. जेवण वाढणाऱ्या माणसाने हे लपवून कामावर उभं राहायचं नसतं. पोटाची साथ बंद जहाजावर दोन दिवसांत पसरते आणि ती पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर हाताला लावायचं अल्कोहोलचं जेल धड चालत नाही, साबण आणि पाणीच लागतं.

लाटांखाली
उलटी नाही, जुलाब नाही. फक्त गरगरतं. तक्ता विश्रांतीचाच. मी डायनिंगमध्ये आहे. तास काय, नेहमीचेच, नाश्ता, दुपार, रात्र.

कागदवाचक
'नेहमीचे' म्हणजे किती ते आम्हाला इथून दिसत नाही. घड्याळाचे आकडे लिही. खरे एका ओळीत, तक्त्यातले दुसऱ्या ओळीत.

बंदर_दिसेना
एक महत्त्वाचं. नोकरी लावून देण्यासाठी एजंटने पैसे मागितले तर देऊ नकोस. सागरी कामगार कराराप्रमाणे, म्हणजे एमएलसी २००६ प्रमाणे, भरतीची फी खलाशाकडून घेता येत नाही. वैद्यकीय दाखला, खलाशाचं ओळखपुस्तक आणि पासपोर्ट एवढाच खर्च आपला. व्हिसाचा खर्चसुद्धा मालकाचा. माझ्या भावाने पैसे भरले आणि ते परत मिळालेच नाहीत, म्हणून कळकळीने सांगतेय.

वारा_पडला
ती जहाजावर पोचलीये, ताई.

बंदर_दिसेना
कळलं. पण धागा वाचणारे सगळेच पोचलेले नसतात. राहू दे इथे.

लाटांखाली
खरे: सकाळी ५:३० ते १०, दुपारी १२ ते ३, संध्याकाळी ६ ते रात्री ११:३०.
तक्त्यात: सकाळी ६ ते दुपारी ३ काम, ३ ते ६ विश्रांती, ६ ते रात्री १० काम, मग सकाळपर्यंत विश्रांती.
मी सुपरवायझरला म्हटलं की हे माझे तास नाहीत. तो म्हणाला, दोन्हीकडे काम १३ तास, विश्रांती ११ तास, बेरीज तीच आहे ना, मग खोटं काय आहे त्यात? मी घरून आणलेल्या मोबाइलवर बेरीज केली. तीच येते. इथेच अडकलेय मी. तो रागावलाही नाही, उलट समजावून सांगत होता.

कागदवाचक
आता बोलता येईल. बेरीज तीच आहे, पण नियम नुसत्या बेरजेचा नाही. कुठल्याही २४ तासांत किमान १० तास विश्रांती हवी, ती जास्तीत जास्त दोन तुकड्यांत, आणि त्यातला एक तुकडा किमान सलग ६ तासांचा.
तुझे खरे तुकडे मोज. रात्री ११:३० ते ५:३० सहा तास, सकाळी १० ते १२ दोन तास, दुपारी ३ ते ६ तीन तास. तुकडे तीन झाले. दोनच मोजायचे म्हटले तर सगळ्यांत मोठे दोन, ६ आणि ३, म्हणजे ९. एक तास कमी पडतो, रोज.
तक्त्यात तुझ्या सकाळच्या दोन तासांना कामात घातलं आणि तेच दोन तास रात्रीच्या झोपेला जोडले. रात्र आठ तासांची झाली, तुकडे दोन झाले, कागद नियमात बसला. खोटं ते हे आहे.

जुना_नांगर
अर्धवट माहिती देऊ नका. एसटीसीडब्ल्यूमध्ये, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आणि पहाऱ्याच्या आंतरराष्ट्रीय करारात, तीन तुकडे चालतात. एक सहा तासांचा, बाकीचे दोन एकेक तासापेक्षा कमी नकोत. मी वॉच, म्हणजे पहाऱ्याच्या पाळ्या, लावल्यात, मला पाठ आहे.

कागदवाचक
काका, तुम्ही म्हणता तो अपवाद आहे, आणि तो सात दिवसांतून दोनच दिवस वापरता येतो. हिचे सातही दिवस तसेच आहेत. शिवाय आठवड्याला ७७ तास विश्रांती लागते. ११ गुणिले ७ बरोबर ७७, म्हणजे ती अगदी काठावर आहे. एक तास जरी जास्तीचा गेला तरी खाली.

तिसरी_घंटा
तो तास गेलेला असणारच. @लाटांखाली, नवीन आलेल्यांचं सुरक्षेचं प्रशिक्षण तुझं कधी होतं? आणि साप्ताहिक ड्रिल?

लाटांखाली
प्रशिक्षण दुपारी ३:३० ते ४:३०. पहिले दहा दिवस होतं. ड्रिल दर आठवड्याला सकाळी १०:३० ला. पण ते काम थोडंच आहे, ते तर ब्रेकमध्येच असतं.

तिसरी_घंटा
ब्रेकमध्ये घेतलं तरी ते कामच. हजर राहायची सक्ती आहे ना? मग विश्रांती नाही. म्हणजे त्या दहा दिवसांत दुपारचा तीन तासांचा तुकडा मधोमध तुटला आणि ७७ भरलेच नाहीत. मी चार वर्षं जहाजावरच्या क्रू ऑफिसात होते, असे शेकडो तक्ते हाताखालून गेले. रोज एकसारखी ओळ दिसली की तपासणीला येणारा माणूस तिथेच थांबतो, कारण ड्रिलच्या दिवशीसुद्धा ओळ तीच असते.

हिरवा_कंदील
ड्रिलचं निघालं म्हणून. सात लहान भोंगे आणि एक लांब हा इशारा पाठ झाला का? तुझ्या कार्डावरचा मस्टरचा, म्हणजे धोक्याच्या वेळी जमायच्या जागेचा, नंबर रात्री अंधारात पाठ म्हणता आला पाहिजे. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या बऱ्याच प्रवाशांचं मस्टर झालेलंच नव्हतं. त्यानंतर नियम बदलला, आता प्रवाशांचं मस्टर जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्यावर लगेच घ्यावं लागतं. आणि त्यांना रस्ता दाखवणारे कोण, तर तुम्ही वाढपी आणि केबिनवाले.

जुना_नांगर
हे मात्र खरं आहे. ड्रिलची चेष्टा करू नये.

तिसरी_घंटा
आणि म्हणूनच झोपेचं महत्त्व आहे, काका. पाच तास झोपलेली मुलगी अंधारात दोनशे माणसांना जिना कसा दाखवणार?

वारा_पडला
माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही मिळालं. केबिन कुठे? जहाज कुठल्या दिशेला चाललंय? आणि गोळी घेतेस का?

लाटांखाली
केबिन पाण्याच्या रेषेखाली, मधल्या भागात. दिशा पूर्व. घड्याळ रोज रात्री दोन वाजता एक तास पुढे करताहेत, चार रात्री झाल्या. गोळ्या रूममेटने दिल्यात, सकाळ-दुपार-रात्र एकेक. सहा दिवस घेतेय. तुम्हीही तेच म्हणालात ना, आधी घ्यायची म्हणून.

कागदवाचक
घड्याळाचं आत्ता सांगतेस? ११:३० ते ५:३० मध्ये दोन वाजता तास पुढे गेला तर सहाचे पाच झाले. चार रात्री तुझा सलग सहा तासांचा तुकडाच नाही. अपवादसुद्धा लागू होत नाही, कारण त्यालाही एक तुकडा सहाचा हवाच.

तिसरी_घंटा
आणि त्या गोळ्यांनी झोप येते, डोकं जड होतं. कुठल्या आहेत ते पाकिटावर बघ आणि पाकीट घेऊन दवाखान्यात जा. जहाजावरचे उपचार खलाशाला मोफत असतात, लाजू नकोस. वारा, तुझं मन चांगलं आहे, पण न बघता गोळीचं सांगू नये.

वारा_पडला
मी रोज तीन घे असं म्हटलं नव्हतं. पण बरोबर आहे, आधी विचारायला हवं होतं. मधल्या भागात, खाली, उलटी नाही, तर समुद्र लागला नसावा. पोरी, गोळ्या डॉक्टरला दाखव.

जुना_नांगर
तुमचं गणित बरोबर असेल. पण एका पोराने असाच कागद परत केला होता आणि पुढच्या बंदरात त्याला उतरवलं. त्याची चूक काहीच नव्हती. मला तो आठवतो, म्हणून मी सही कर म्हणतो. पहिला करार पुरा झाला नाही तर दुसरा मिळणं अवघड जातं.

तिसरी_घंटा
काका, तुमची भीती खरी आहे, म्हणूनच नकार द्यायचा नाही. @लाटांखाली, 'सही करणार नाही' असं म्हणू नकोस. 'माझे तास वेगळे आहेत, दुरुस्त करून द्या, लगेच सही करते' असं म्हण. आज रात्रीच सगळे तास तारखेनुसार कागदावर लिही, घड्याळ पुढे केलेल्या रात्रीसकट. सही केलेल्या तक्त्याची प्रत तुला मिळायलाच हवी, ती माग. त्याने ऐकलं नाही तर तक्रारीची पद्धत तुझ्या करारासोबत दिलेली असते. तक्रार करताना सोबत कुणाला तरी न्यायचा हक्क आहे आणि तक्रार केली म्हणून छळ करायला मनाई आहे. एकटी जाऊ नकोस.

लाटांखाली
तास आहेत माझ्याकडे. ऑर्डर घ्यायच्या पॅडच्या मागे रोज लिहायचे, आईला सांगायला म्हणून. मिनिटं संपली.

*(दोन दिवसांनी)*

लाटांखाली
बंदरात आलोय, म्हणून लिहितेय. तुम्ही सांगितलं तसंच बोलले. सुपरवायझरने पॅडची पानं उलटून पाहिली, काही बोलला नाही, तक्ता परत घेऊन गेला. संध्याकाळी नवीन रोस्टर लागलं, माझी दुपारची पाळी काढली. डॉक्टरने गोळ्या बंद केल्या, काल रात्री आणि आज नाश्त्याच्या पाळीनंतर मिळून साडेसात तास झोपले, आज गरगरलं नाही. पण माझी दुपारची पाळी रूममेटला दिलीये. ती कालपासून माझ्याशी बोलत नाही. तिनेच मला गोळ्या दिल्या होत्या, पहिल्या दिवशी बंकचा पडदा कसा लावायचा तेही तिनेच शिकवलं.

जुना_नांगर
उतरवलं नाही ना? बरं झालं. खरंच बरं वाटलं.

कागदवाचक
रूममेटचे तास किती होतात आता?

लाटांखाली
विचारते.

लाटांखाली
विचारलं. ती रात्री १२ ला सुटते आणि ५:३० ला पुन्हा कामावर. म्हणजे घड्याळ पुढे नेलं नाही तरी साडेपाचच. तिचा तक्ताही माझ्यासारखाच भरलेला होता आणि तिने मागच्या महिन्यात सही केलीये. मी तिला पॅड दाखवलं. आत्ता ती समोर बसून १ तारखेपासूनचे तास आठवून लिहितेय, मध्येच मला विचारतेय की ड्रिल कुठल्या दिवशी होतं. उद्या सकाळी दहाला क्रू ऑफिसात दोघी जातोय.