मदत हवी आहे: व्हेल शार्कसोबत स्नॉर्केलिंग करायचं आहे – कुठे जावं, तयारी कशी करावी?

निळाई

नमस्कार मंडळी,

व्हेल शार्क बघायला जायचं आमच्या घरात ठरतंय. बोटीतून वाकून नव्हे, पाण्यात उतरून. हट्ट मुळात लेकीचा. ती बारा वर्षांची आहे आणि जगातला सर्वांत मोठा मासा प्लवंग (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) आणि माशांची अंडी गाळून पोट भरतो, हे कळल्यापासून तिला दुसरं काही सुचत नाही. तिच्या नादाने मीही वाचत गेले आणि आता मलाही तेवढीच ओढ लागली आहे.

अडचणी अशा:

जागा ठरत नाहीये. शोधायला बसलं की फिलिपिन्समधलं ओस्लोब सगळ्यांत आधी समोर येतं, कारण तिथे मासा दिसण्याची जवळजवळ खात्रीच. पण फोटोंत होडीवाला हाताने खाणं टाकताना दिसतो आणि मासा तोंड वासून होडीला चिकटलेला. लेक म्हणते, तिथे नको. नवऱ्याचं म्हणणं, एवढं लांब जाऊन दिसलाच नाही तर? मला दोघांचंही पटतं.

दुसरं म्हणजे मी तलावात बऱ्यापैकी पोहते, पण खोल समुद्रात कधी उतरले नाही. खाली तळ दिसणार नाही या कल्पनेनेच धडधडतं. त्यात चष्मा आहे, उणे साडेचारचा. नवऱ्याला बोट लागते, तीही जोरदार. लेक आमच्या दोघांपेक्षा चांगली पोहते, पण या वयात तिला उतरू देतात का?

जे स्वतः जाऊन आलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. आगाऊ आभार.

खारावारा

निळाई, मी निंगालू आणि डोनसोल या दोन्ही ठिकाणी पाण्यात उतरलो आहे, त्या अनुभवावर लिहितो.

आधी ओस्लोब. तुमच्या लेकीचं ऐका. सेबू बेटावरच्या या गावात साधारण २०११ पासून मच्छीमार रोज सकाळी होडीतून बारीक कोळंबी टाकून व्हेल शार्कना किनाऱ्याजवळ बोलावतात. एरवी खाण्याच्या मागे शेकडो किलोमीटर हिंडणारे मासे तिथे घुटमळत राहतात. माणसांची गर्दी हा त्रासाचा एक भाग झाला. मला जास्त काळजी वाटते ती सवयीची. होडी आली म्हणजे खाणं आलं हे एकदा अंगात भिनलं, की तो मासा पुढे दुसऱ्या समुद्रातही होडीजवळ जाणार, आणि त्या होडीखाली पंखा फिरत असणार. तिथल्या माशांच्या अंगावर व्रणांचं प्रमाण मोठं असल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. व्हेल शार्क २०१६ पासून धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत 'संकटग्रस्त' गटात आहे. वयात यायलाच त्याला काही दशकं लागतात, त्यामुळे गेलेला मासा लवकर भरून निघत नाही.

आता निंगालू. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगतची प्रवाळभिंत, निघायची गावं एक्समथ किंवा कोरल बे. हंगाम मार्च ते जुलै. मार्च-एप्रिलच्या पौर्णिमेनंतर काही रात्री प्रवाळ एकदम अंडी सोडतात, त्यावर पाण्यात जीवसृष्टी उसळते आणि व्हेल शार्क त्या सुमारास येतात. खाणं कोणी टाकत नाही. वरून छोटं विमान घिरट्या घालून मासा हेरतं आणि बोटीला वायरलेसवर दिशा देतं. त्यामुळे खाऊ न घालताही दिसण्याची शक्यता बरीच चांगली असते, हे तुमच्या यजमानांना सांगा. मासा न दिसल्यास पुन्हा एक सफर फुकट देणारे बोटवालेही तिथे आहेत. बुकिंग करताना ही अट लेखी बघून घ्या.

दिवस कसा जातो ते सांगतो, कारण भीती बरीचशी माहिती नसल्याची असते. सकाळी आधी प्रवाळभिंतीच्या आत, उथळ आणि शांत पाण्यात सगळ्यांना उतरवतात. इथे मार्गदर्शक प्रत्येकाचं पोहणं बघून घेतात. त्यानंतर बोट भिंतीबाहेर जाते. विमानाचा निरोप आला की सगळ्यांनी मास्क चढवून बोटीच्या मागच्या फळीवर बसायचं. बोट माशाच्या वाटेवर बरीच पुढे जाऊन थांबते, मार्गदर्शक आधी उतरतो आणि मग "चला" म्हटलं की सरकत पाण्यात जायचं. उडी नाही. पाण्यात गेल्या गेल्या डोकं खाली घालून मार्गदर्शकाच्या हाताकडे बघा. तो हाताने दाखवतो तिकडे आधी काहीच नसतं, नुसता निळा रंग. मग त्या निळ्यात ठिपके उमटतात आणि ठिपक्यांमागून एक रुंद, सपाट डोकं येतं.

तिथे गट दोन भागांत पुढे जातो, पाण्यात एका वेळी जास्तीत जास्त दहा जण. मासा गेला की थांबायचं, बोट उचलून घेते आणि पुन्हा पुढे नेऊन सोडते. दिवसभर असं चालतं, म्हणून दम लागतो. धाप लागली तर हात वर करा, बोट येते.

डोनसोल फिलिपिन्समध्येच, सोर्सोगॉन प्रांतात. इथेही खाऊ घालत नाहीत. नोव्हेंबर ते जून हंगाम, भर फेब्रुवारी ते एप्रिल. पाणी प्लवंगाने हिरवट असतं, त्यामुळे मासा अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. तुम्हाला पहिल्याच वेळी ते जड जाईल असं वाटतं. शिवाय काही वर्षी मासे फार कमी येतात.

वल्हव

मेक्सिकोतला इस्ला मुहेरेस आणि होलबोशचा भागही विचारात घ्या. मे मध्य ते सप्टेंबर मध्य हंगाम. उन्हाळ्यात तिथे माशांची अंडी पाण्यावर तरंगतात आणि ती खायला एका वेळी डझनांनी व्हेल शार्क जमतात. नियम कडक आहेत: एका वेळी दोघंच प्रवासी पाण्यात, सोबत मार्गदर्शक, आणि अंगावर लाइफ जॅकेट किंवा वेटसूट (पोहण्याचा जाड रबरी पोशाख) सक्तीचा. पण उघड्या समुद्रात बराच वेळ बोटीने जावं लागतं, आणि बोट लागणाऱ्या माणसाला ते फार त्रासाचं होतं.

शंखशिंपले

मालदीवचा दक्षिण आरी भाग अजून कोणी कसा सुचवला नाही? वर्षभर दिसतात, बहुतेक तरुण नर. २००९ पासून तो संरक्षित सागरी भाग आहे. हॉटेलातून निघून प्रवाळभिंतीच्या कडेने शोधत जातात, त्यामुळे समुद्र तुलनेने शांत. एकच गोष्ट खटकते. एका माशाभोवती खूप बोटी जमतात. बोटवाल्याला आधीच सांगा की गर्दी असेल तर आम्ही थांबू.

कोरडाकिनारा

खारावारा, ओस्लोबबद्दल एक वेगळी बाजू मांडतो. तिथल्या कितीतरी मच्छीमार घरांचं आता यावर चालतं. मासा जिवंत राहिला तरच पैसा, हे त्यांना कळलंय. पूर्वी फिलिपिन्समध्ये या माशांची शिकार व्हायची, ती १९९८ मध्ये बंदी आली तेव्हा थांबली. लांबून येऊन "तुम्ही चुकीचं करता" म्हणणं सोपं आहे.

खारावारा

तुमचा मुद्दा मला मान्य आहे, गावकऱ्यांवर माझा राग नाहीच. पण पोट भरायला खाऊ घालणं हाच एक मार्ग नाही. डोनसोललाही प्रत्येक बोटीवर गावातलाच प्रशिक्षित मार्गदर्शक असतो, त्याचंही घर यावरच चालतं. आपल्याकडे सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर २००१ मध्ये कायद्याचं संरक्षण मिळाल्यानंतर मच्छीमार जाळ्यात अडकलेला व्हेल शार्क जाळं कापून सोडू लागले आणि फाटलेल्या जाळ्याची त्यांना भरपाई मिळते. प्रवासी म्हणून आपण पैसा कुठे नेऊन ठेवतो एवढंच आपल्या हातात आहे. तो डोनसोलच्या मार्गदर्शकाकडे जावा असं मला मनापासून वाटतं.

जलपर्णी

मी मोठ्यांना पोहायला शिकवते, तेव्हा फक्त तयारीबद्दल लिहिते.

निळाईताई, तळ न दिसण्याची भीती बहुतेकांना असते. ती श्वासातून आवरते. जायच्या दोन महिने आधीपासून तलावात मास्क आणि स्नॉर्केल (श्वासाची नळी) लावून, तोंड पाण्यात ठेवून, नुसतं तरंगायला शिका. हात-पाय न हलवता. श्वास सोडायचा तो लांब, घ्यायचा त्यापेक्षा जास्त वेळ. हे सहज जमेपर्यंत पोहण्याचा वेग वाढवू नका. मग मुद्दाम स्नॉर्केलमध्ये पाणी जाऊ द्या आणि जोरात फुंकून बाहेर काढा. लाटेचं पाणी नळीत शिरणारच. पहिल्यांदा ते उघड्या समुद्रात घडलं तर घाबरायला होतं, तलावात वीसदा घडून गेलं असेल तर हात आपोआप काम करतात. शेवटी फिन्स (पायात घालायची रबरी वल्ही) घालून न थांबता लांब पोहा. पाय गुडघ्यातून सायकलसारखे नाही, मांडीपासून हलवायचे.

मास्क स्वतःचा न्या. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर बसला. मिशा असतील तर तिथून पाणी झिरपतं, यजमानांना सांगा. नंबरच्या काचा बसवलेले मास्क मिळतात, उणे साडेचार सहज मिळेल. डॉक्टर हो म्हणाले तर रोज फेकून देण्याच्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्सही चालतात, पण मास्क निघाला तर डोळे मिटून घ्यायचे हे लक्षात ठेवा. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क या कामाला नको. दम लागलेल्या अवस्थेत ते झटकन काढता येत नाहीत.

सनस्क्रीन चोपडण्यापेक्षा लांब बाह्यांचा रॅश गार्ड (पोहताना घालायचा घट्ट सदरा) घाला. पाण्यात रसायन जात नाही आणि पाठ भाजत नाही. तासन्‌तास पालथं तरंगल्यावर पोटऱ्यांच्या मागची बाजू सगळ्यांत जास्त करपते, तिथे लक्ष द्या.

आणि लाइफ जॅकेट मागायला लाजू नका. जॅकेट घालून नीट बघता येतं, घाबरून काहीच बघता येत नाही.

अनुस्वार

बोट लागण्यावर: गोळी बोट सुटल्यावर घेऊन उपयोग नाही, निदान तासभर आधी. कोणती ते डॉक्टर सांगतील, पण जायच्या आधी घरी एकदा घेऊन बघा, काहींना त्याने फार झोप येते आणि पेंगत पाण्यात उतरणं बरं नाही. बोटीवर मध्यभागी, मागच्या बाजूला, उघड्यावर बसा. नजर क्षितिजावर ठेवा. मोबाइलमध्ये बघू नका. उपाशी जाऊ नका आणि तेलकट खाऊनही नको. सगळ्यांत जास्त त्रास बोट थांबून डुलत असते तेव्हा होतो, पाण्यात उतरलं की बरं वाटतं.

निळाई

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. घरात वाचून दाखवलं. यजमान आता ओस्लोबचं नाव काढत नाहीत. निंगालूकडे कल झाला आहे, एप्रिलचा विचार आहे.

अजून दोन गोष्टी. बोटवाला चांगला की नाही हे बुकिंगच्या आधी कसं ओळखायचं? आणि मासा अचानक माझ्याकडेच वळला तर काय करायचं? हे विचारताना मला खरंच पोटात गोळा येतो.

खारावारा

बोटवाल्याला हे विचारा: पाण्यात एका वेळी किती जण, मार्गदर्शक किती, बोटीवर ऑक्सिजन आहे का, मुलांसाठी किमान वय किती (हे प्रत्येकाचं वेगळं असतं), नीट पोहता न येणाऱ्याला काय मदत करता. उत्तर पटकन आणि नेमकं आलं तर चांगली खूण. "माशाला हात लावता येतो" अशी जाहिरात असेल तर तिथेच थांबा.

निंगालूचे नियम असे: डोकं आणि अंगापासून तीन मीटर, शेपटीपासून चार मीटर. स्पर्श नाही, फ्लॅश नाही, वाट अडवायची नाही. एका माशाजवळ एका वेळी एकच बोट, तीही तीस मीटरच्या आत नाही आणि दीड तासाच्या वर नाही.

वळला तर घाबरू नका. तो तुमच्याकडे येत नसतो, त्याच्या वाटेत तुम्ही असता. त्याचे दात अगदी बारीक असतात आणि खाण्याच्या कामी येत नाहीत. पण अंग प्रचंड आणि शेपटीत ताकद. पाय न आपटता बाजूला सरका, तोंडासमोरून आडवं जाऊ नका, शेपटीमागे राहू नका. मार्गदर्शक ओरडून दिशा सांगतो. बाजूने, छातीच्या पंखाच्या रेषेत पोहत राहणं सर्वांत चांगलं, तिथून तो तुम्हाला बघतो आणि तुम्ही त्याला. तो संथ पोहताना वाटतो, पण बरोबर राहायला चांगलेच पाय मारावे लागतात. तो खोल गेला तर मागे बुडी मारू नका. हा मासा १,९०० मीटरहून खोल गेल्याची नोंद आहे.

निळाई

शेवटचा प्रश्न, लेकीकडून. ठिपक्यांवरून मासा ओळखतात असं तिने वाचलंय. आम्ही काढलेला फोटो कोणाच्या कामाचा असेल का? साधा पाण्यात चालणारा कॅमेरा आहे.

शंखशिंपले

नक्की असेल, तिला सांगा! प्रत्येकाची ठिपक्यांची नक्षी वेगळी असते. आकाशातल्या ताऱ्यांच्या रचना जुळवायची खगोलशास्त्रातली गणिती पद्धत वापरून हे ठिपके जुळवतात, २००५ मध्ये ती पद्धत प्रसिद्ध झाली. 'शार्कबुक' या संकेतस्थळावर कोणालाही फोटो पाठवता येतो, आणि तोच मासा आधी कुठे दिसला होता ते जुळलं तर कळवतात.

डावी बाजू हवी. कल्ल्यांच्या फटींच्या मागे, छातीच्या पंखाच्या वरचा भाग, कॅमेरा माशाला काटकोनात धरून. उजवी मिळाली तर तीही काढा. तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवायला सांगा, बोटीवरचा माणूस अक्षांश-रेखांश देतो. पोटाखालच्या पंखांजवळ लांबट दोन अवयव दिसले तर नर, तेही नोंदवा. आणि अंगावर ताजा व्रण किंवा अडकलेली दोरी दिसली तर त्याचा वेगळा फोटो घेऊन मार्गदर्शकाला लगेच दाखवा.