दाशी (जपानी सूपचं मूळ पाणी) विटलीय हे कसं ओळखायचं? (आणि साठवायला बाटली सुचवा)

पूर्वा_तोक्यो: निशी-कासाईत राहते. रविवारी कोम्बू (सुकवलेलं समुद्री शेवाळ) आणि कात्सुओबुशी (सुक्या कात्सुओ माशाचा कीस) यांची दोन लिटर दाशी करते, मिसोशिरूला (आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोचं सूप) आठवडाभर पुरावी म्हणून. आज गुरुवार. तळाशी गाळ आहे, किंचित बुळबुळीत लागतेय, वास मात्र नाही. उकळून वापरू का? बाटलीचं बजेट १,००० येन, वर एक येन नाही.

खादाड_बुवा: बजेट विसरा. १२,००० चं व्हॅक्यूम मशीन घ्या. आमच्याकडे आहे, एकदम झकास.

सायतामाकर: बुवा, पातळ पदार्थ त्यात कसा भरता? आमच्या मशीनने सगळी दाशी आत ओढली, मशीन गेलं कामातून.

खादाड_बुवा: आधी गोठवायची, मग पिशवीत. वाचा की जरा माहितीपत्रक.

ओसाकाची_काकू: पूर्वा, आठवडा कसला! फ्रिजमध्ये दोन दिवस, फार तर तीन. गाळ म्हणजे कात्सुओचा चुरा, त्याचं काही नाही. कोम्बू जास्त उकळला तर पहिल्या दिवशीही बुळबुळीत होते. पण रविवारी पातळ होती आणि आज चमच्याला तार येतेय, तर विटली. आंबूस वास, वर बारीक फेस हे नंतर येतं. त्याची वाट बघू नकोस.

कोल्हापुरी_ठसका: आमच्याकडे कट दोन दिवस बाहेर असतो. खळखळून उकळा, सगळं मरतं.

लॅबवाला: नाही मरत. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू उकळीत तगतात आणि त्याचं एक विष उकळूनही जात नाही. शिवाय घरच्या दाशीत मीठही नसतं. खरी गोम निवण्यात आहे. दोन लिटरचं पातेलं ओट्यावर तासन्‌तास कोमट राहतं. ते बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळा, लगेच फ्रिजमध्ये. दारात नको, आत मागे.

कोल्हापुरी_ठसका: आमची आजी नव्वदीपर्यंत जगली हो.

शाकाहारी_योकोहामा: मासा हवाच कशाला? १० ग्रॅम कोम्बू, लिटरभर पाणी, रात्रभर फ्रिजमध्ये. झाली दाशी. रिशिरी जातीचा कोम्बू घ्या, दाशी स्वच्छ उतरते. हिदाका शिजवून खायला बरा. कोम्बूवरची पांढरी पूड बुरशी समजून धुऊ नका, चव त्यातही असते.

सायतामाकर: काकूंनी सांगितलंच आहे, तरी सांगतो, दोन-तीन दिवस. बाकीची बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, महिन्याच्या आत संपवा. शंभर येनच्या दुकानात झाकणाचा ट्रे ११० ला मिळतो.

खादाड_बुवा: झाकण सैल असतं त्याचं. फ्रीझरमधल्या बोंबलाचा वास लागतो. म्हणून म्हणतो, मशीन.

पूर्वा_तोक्यो: तार येत होती, ओतून दिली. सगळ्यांचे आभार, पण बाटली, ट्रे, मशीन काहीच घेत नाहीये. फ्रीझर आईच्या पुरणपोळ्यांनी भरलाय. चहाच्या पिशव्यांसारखे दाशी-पॅक आणलेत, रोज लागेल तेवढीच करणार.

ओसाकाची_काकू: पाकिटावर बघ, बऱ्याच पॅकमध्ये मीठ असतं. मिसो बेतानं घाल.