रसायनशास्त्रात पीएचडी करताना 'पुढे काय' हे तुम्हाला कधी कळलं?

पहिल्या वर्षी 'पुढे काय?' विचारलं की आमच्या तुकडीतला जो तो 'प्राध्यापक' म्हणायचा. पाचव्या वर्षी तसं म्हणणारे दोघेच उरले. मधे काय घडलं? तुमचं लिहा. नावं नकोत, गाईडचं तर नकोच.

मीच सुरुवात करते. सेंद्रिय संश्लेषण, अकरा टप्प्यांचा रेणू, तीन वर्षं नुसते कॉलम, म्हणजे मिश्रणातून हवा तो रेणू वेगळा करत बसणं. 100 मिलिग्रॅमवर झकास चालणारी एक रिअ‍ॅक्शन 20 ग्रॅमवर घेतली आणि रिएजंट नेहमीच्या सवयीने भराभर ओतलं. फ्लास्क उकळून कंडेन्सरच्या तोंडातून बाहेर! भांडं मोठं झालं की आतला माल घनाच्या पटीत वाढतो, उष्णता बाहेर सोडणारा पृष्ठभाग मात्र वर्गाच्याच. हे परीक्षेत लिहून आले होते, पण कळलं त्या दिवशी, हूड (वाफा ओढून घेणारं काचेचं कपाट) पुसताना. मग रिएजंट किती वेळात घालायचं, कुठल्या तापमानाला, यातच रमले. आज प्रोसेस केमिस्ट आहे, म्हणजे प्रयोगशाळेतली रिअ‍ॅक्शन मोठ्या प्रमाणावर नीट चालवून दाखवते. मुलाखतीत अकरा टप्प्यांवर एक प्रश्न आला, बाकी सगळा वेळ त्या उकळलेल्या फ्लास्कवर.

• एनएमआरच्या (रेणूची रचना ओळखणाऱ्या यंत्राच्या) खोलीतून लिहितोय. पहिल्या वर्षी 2.05 आणि 4.12 पीपीएमचे सिग्नल गाईडना 'नवीन उत्पादन' म्हणून दाखवले होते. इथाइल अ‍ॅसिटेट निघालं, म्हणजे साधं सॉल्व्हंट, रोटाव्हॅपवर (सॉल्व्हंट उडवायच्या यंत्रावर) न उडालेलं. इतकी लाज वाटली की सगळ्या सॉल्व्हंटचे आकडे पाठ केले. मग लोक आपापले स्पेक्ट्रम घेऊन येऊ लागले. स्वतःच्या रेणूपेक्षा दुसऱ्यांच्या भानगडी सोडवण्यात जास्त मजा येते म्हटल्यावर निर्णय झालाच. आता उपकरणं सांभाळतो.

• माझं वेगळं. श्लेंक लाइनचा (हवा लागू न देता काम करायच्या काचेच्या नळ्यांचा) ट्रॅप, म्हणजे वाफा गोठवून अडवणारं भांडं, द्रव नायट्रोजनमध्ये, आणि एक कॉक चुकून उघडा राहिला. नायट्रोजन उकळतो उणे 196 अंशांना, ऑक्सिजन उणे 183 ला. म्हणजे आत शिरणाऱ्या हवेतला ऑक्सिजन ट्रॅपमध्ये द्रव होऊन साठणारच. तळाशी फिकट निळं काहीतरी दिसलं. मी वाकून बघतेय, तोवर सीनियर ओरडली. तिने डेवारला (द्रव नायट्रोजनच्या थर्मासला) हात लावू दिला नाही, हूडची काच खाली ओढली, सगळ्यांना बाहेर काढलं. सॉल्व्हंटसोबतचा तो निळा द्रव म्हणजे स्फोटकच. आमचं सुरक्षा प्रशिक्षण काय होतं? चाळीस स्लाइड आणि एक सही. आता ते प्रशिक्षण मी देते. स्लाइड सहाच, उरलेला वेळ हूडसमोर.

• थिसिस लिहितोय, काहीही कळलेलं नाही. 'इंडस्ट्री' म्हटलं की गाईड गप्प होतात, म्हणून अर्ज चोरून चाललेत. रेफरन्स कुणाचा द्यायचा?

समितीतल्या दुसऱ्या कुणाला तरी विचार, मी तेच केलं होतं. आणि एचपीएलसीच्या (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या) पंपाचं सील कधी स्वतः बदललं असशील तर तेही अर्जात लिही.