वडलांचा काचबिंदू मला येणार का?

रंकाळाकर: आमच्या वडलांचा डावा डोळा चाळिशीतच गेला. गंगावेशीत म्हशीची धार काढताना कडेचं माणूस दिसायचं नाही, आम्ही हसायचो. आता थोरल्या काकांनाही काचबिंदू. मी ३४ चा. नशिबात आहेच का?

जीवशास्त्रवाली: नशीब नव्हे, जनुक. मायोसिलिन नावाच्या प्रथिनाचं जनुक १९९७ मध्ये काचबिंदूशी जोडलेलं सापडलं. ते बिघडलं की प्रथिनाची घडी चुकते, पेशीतच साठतं. डोळ्यातलं पाणी गाळणारी जाळी तुंबते, दाब चढतो. वडलांत असेल तर तुमच्यात यायची शक्यता निम्मी. पण बहुतेक काचबिंदूंचं कारण हे नसतं.

चष्मेवाला: नुसता दाब मोजून परतू नका, डोळ्याची नस आणि फील्डही (कडेचं किती दिसतं ते) तपासा.

रंकाळाकर: सोमवारी जातो. धाकट्यालाही ओढून नेतो, ऐकत नाही बेणं.