मदत हवी आहे: संध्याकाळचं दूध सकाळी तापवताना फाटतं (गुहागर)

घरची एक गाय, व्यायला चार महिने झाले. दोन वेळचं मिळून साडेचार लिटर दूध. सकाळचं लगेच तापवतो, त्याला काही होत नाही. संध्याकाळी सातचं गाळून किटलीतच फ्रिजमध्ये जातं आणि सकाळी आठवड्यातून तीनदा तरी फाटतं. वास किंचित आंबट. रात्री लाइट तास-दोन तास जातेच. शिवाय घरात एकाला धारोष्ण प्यायचंय. चालेल का?

प्रतिसाद 1

आधी दोष कासेत की नंतरच्या हाताळणीत, ते ठरवा. प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार धारा काळ्या ताटलीत काढा. गुठळ्या, दोरे किंवा पाणचटपणा लगेच दिसतो. मग चार सडांचं दूध चार वाट्यांत घेऊन प्रत्येकातलं चमचाभर तिथल्या तिथे उकळा. ताजं असतानाच एखादं फाटलं, तर त्या सडात दगडीची (कासेला सूज आणणाऱ्या रोगाची) शंका. खात्रीसाठी अर्धा लिटर पाण्यात 15 ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवा, त्यातलं थोडं आणि तेवढंच दूध वाटीत फिरवा. चिकट जेलीसारखं झालं तर डॉक्टरांना बोलवा. सडात औषधाची ट्यूब सोडली, तर डॉक्टर सांगतील तितके दिवस चारही सडांचं दूध टाकायचं. प्रतिजैविक उकळून जात नाही.

पण सकाळचं टिकतंय, म्हणजे मला तरी किटलीचाच संशय येतो. कासेतून दूध 37-38 अंशांवर येतं. बंद किटली फ्रिजमध्ये ठेवली तर मधलं दूध कित्येक तास कोमट राहतं, त्यात लाइट गेली की संपलंच. हवेपेक्षा पाणी उष्णता फार लवकर ओढतं. म्हणून किटली घमेल्यात ठेवून दुधाच्या पातळीइतकं विहिरीचं पाणी भरा, स्वच्छ डावाने दूध ढवळा, पाणी एकदा बदला. विहिरीच्या पाण्याने ते त्या पाण्याइतकंच निवेल, म्हणून पुढे बर्फाच्या दोन बाटल्या घमेल्यात सोडा. मग दोन लहान पातेल्यांत फ्रिजमध्ये.

एवढा खटाटोप नको असेल तर संध्याकाळीच उकळा. लाइटचा भरवसा नसेल त्या गावात मी हेच सांगेन.

प्रतिसाद 2

धारोष्ण नको. ब्रुसेल्ला (गाय गाभडवणारा आणि कच्च्या दुधातून माणसाला लागणारा जिवाणू) असलेली गाय धडधाकट दिसते, दुधाचा रंग-वासही बदलत नाही. माणसाला मात्र दिवसेंदिवस जाणारा-येणारा ताप आणि सांधेदुखी. कालवड असेल तर 4 ते 8 महिन्यांच्या वयात तिला याची लस टोचून घ्या. गाय गाभडली तर गर्भ आणि जार (वार) उघड्या हाताने उचलू नका.

प्रश्नकर्ता

धन्यवाद. चारही वाट्या ठीक निघाल्या. किटली आम्ही कढत पाण्यानेच धुतो. गाळायचं फडकं रोज धुतो, पण पावसात वाळत नाही.

प्रतिसाद 1

दोन्ही चुकतंय. आधीच कढत पाणी घातलं की दुधातलं प्रथिन भांड्याला चिकटतं आणि पांढरट थर धरतो. किटलीच्या आत, गळ्याखाली नख फिरवून बघा, खरखरीत लागेल. आधी गार पाणी, मग लिटरभर गरम पाण्यात 10 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून ब्रशने घासा, शेवटी उकळतं पाणी. किटली पालथी ठेवा, पण जमिनीवर नाही, फळीवर.

ओलं फडकं म्हणजे रोज लावलेलं विरजणच. धुतल्यावर पाच मिनिटं उकळा आणि चुलीवरच्या दांडीवर वाळवा. दोन फडकी आलटून-पालटून वापरा. तेही जमत नसेल तर स्टीलची बारीक जाळीची गाळणी आणा.