मदत हवी आहे : ट्राउट मासा वर येतो, बघतो आणि परत जातो!

मित्र आणि मी गाडी काढून चार दिवस फ्लाय फिशिंगला (नकली किडा लावलेल्या गळाने मासेमारी) निघतोय. तो मुरलेला, मी नवखा. रॉड ९ फुटी, ५ वेटचा (म्हणजे मध्यम वजनाच्या लाइनसाठी, लाइन म्हणजे दोरी), टिपेट (लाइनच्या टोकाचा बारीक धागा) ५एक्स. मागच्या खेपेला ड्राय फ्लाय (तरंगणारा नकली किडा) पाण्यावर पडली की ट्राउट वर यायचा, निरखायचा आणि सरळ तळाला. मित्राच्या मते प्रवाह लाइन ओढतो, त्यामुळे फ्लाय खऱ्या किड्यासारखी वाहत नाही. मला टिपेटच जाड वाटतं. त्याहून बारीक ६एक्स घेऊ, की आधी हात सुधारू?

दुसरं म्हणजे, पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की सोडून दिलेला मासाही दगावू शकतो, म्हणून आम्ही पहाटेच उतरणार. तेव्हा वर किडे नसले तर निम्फ (पाण्याखाली बुडणारा नकली किडा) किती खोल सोडावी? (मित्राला विचारलं, तो नुसता हसतो.)