जुने गे बार टिकले कसे? – अनुभव धागा

धरमपेठी
सकाळी ग्रुपवर ज्युलियस बारचा तो फोटो आला अन् जुन्या गप्पा परत डोक्यात सुरू झाल्या. न्यूयॉर्क, २१ एप्रिल १९६६. काउंटरवर चार जण, बारमनचा पंजा ग्लासवर. मॅटाशीन सोसायटी म्हणजे समलिंगी हक्कांची संघटना, तिच्या लोकांनी पत्रकारांना आधीच कळवलं होतं. आम्ही समलिंगी आहोत, शिस्तीत बसू, प्यायला द्या, एवढंच म्हणायचं. पहिली जागा बंद निघाली, पुढच्या दोन ठिकाणी तर चक्क दिलं! त्यांना हवा होता नकार, म्हणजे गे लोकांना दारू नाकारतात हे दाखवता येईल. मग ज्युलियस गाठलं, तिथे नुकतीच धाड पडली होती, म्हणून नकार मिळाला. तो बार अजून चालू आहे.
ज्याला बार, लायसन, काच, वायर, काय कळतं त्यानं त्यातलं लिहा. इथल्या, नागपुरातल्या, कोणत्याही बारचं किंवा माणसाचं नाव टाकू नका.

सदर_काउंटर
न्यूयॉर्कचा स्टोनवॉल, १९६९ ला धाडीविरुद्ध जिथे गे लोक उठले तो बार, त्याचा सगळे उदोउदो करतात, पण तिथे काउंटरमागे नळच नव्हता. ग्लास टबात बुचकळायचे अन् पुढच्याला द्यायचे. रीत अशी की तीन टाक्या लागतात. पहिलीत साबण अन् ब्रश, दुसरीत वाहतं साधं पाणी, तिसरीत क्लोरीन. दहा लिटर पाण्याला ४ टक्केवालं ब्लीच २५ मिली, त्यात ग्लास निदान मिनिटभर बुडलेला हवा. मग जाळीवर उपडा. फडक्यानं पुसायचा नाही, सगळी घाण फडक्यातूनच परत येते. साबण किंवा लिपस्टिक राहिली तर बियरचा फेस लगेच बसतो, गिऱ्हाईक म्हणते बियर शिळी. अन् ब्लीच साबणाच्या टाकीत ओतू नका, तिथे ते वाया जाते.

महालच्या_काकू
हे लग्नाच्या केटरिंगवाल्यांना कोणी सांगेल का 🙏

तर्री_जास्त
काकू, ते लोक तर्रीतच धुतात

इतवारीचा_वायरमन
लाइटचं सांगतो. स्टोनवॉलमध्ये पोलीस आले की पांढरे दिवे लागायचे, सगळे नाचणं थांबवायचे. आमस्टरडॅमच्या कॅफे एट मान्चेत घुबडाचा दिवा होता. तो लागला की एकमेकांचे हात सोडा, बाहेरचा आला. हा बार १९२७ चा, बेट फान बेरेन नावाच्या बाईचा. मधात १९८२ ला बंद पडला, २००८ ला परत उघडला.
वायरिंग जिन्याचीच. एक टू-वे स्विच दारापाशी, दुसरा काउंटरखाली, दोघांच्या मधात दोन तारा. चुकते कुठे, तर एका बाजूला साधा वन-वे बसवून ठेवतात. मग दारावरच्यानं लावलेला दिवा काउंटरवरून विझत नाही. न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, स्विचमधून फिरवणारे तर वेगळेच महाभाग. स्विच बंद, तरी होल्डरमधी करंट.

धरमपेठी
घुबड! आपल्याकडे घुबड दिसलं तरी लोक घरात जातात 😄

वकीलसाहेब
या सगळ्याचं मूळ लायसनमध्ये आहे. न्यूयॉर्कचं मद्य खातं गे गिऱ्हाईक जमलं की जागेला ‘बेशिस्त’ ठरवायचं, परवाना धोक्यात. सरळ धंदेवाला हात लावेना, म्हणून माफिया घुसला. स्टोनवॉलला दारूचं लायसन नव्हतंच. ‘बॉटल क्लब’, म्हणजे सभासद आपली बाटली आणतात असा खाजगी क्लब, दाखवायचे, दारावर वहीत सही, नावं बहुतेक खोटी. २८ जून १९६९ च्या धाडीनंतर काही महिन्यांतच तो बंद झाला. आत्ताचा बार नंतरचा आहे, सलग चालू असल्यासारखं लिहिणाऱ्यांनी तपासावं.
कॅलिफोर्नियात उलट. सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्लॅक कॅट बारच्या मालकानं कोर्टात भांडून १९५१ ला निकाल मिळवला की गे लोक बसतात एवढ्यावरून परवाना थांबवता येत नाही. तरी खात्यानं दुसरी कलमं शोधली अन् १९६३ मध्ये परवाना गेलाच.
इथे इतिहास काढायचा तर परमिट रूममधल्या पिणाऱ्यांच्या परमिटांवरच्या नावांवर भरवसा ठेवू नका. लायसनच्या नूतनीकरणाची तारीख बघा, वर्ष ३१ मार्चला संपतं. मालक बदलला की फाइलीत दिसतं, जागेचा नकाशाही असतो. माहिती अधिकारात १० रुपये लागतात, मुदत ३० दिवस. गिऱ्हाइकांची नावं मागू नका, मिळणारही नाहीत अन् मागूही नयेत. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं ३७७ कलम गेलं ते ६ सप्टेंबर २०१८ ला. त्याआधीच्या माणसाला आजही बोलायला जड जातं.

वर्धा_रोड
२०१७ विसरू नका. हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारू नाही हा नियम १ एप्रिलला लागला, रोडवरचे बार फटाफट बंद. जुलैत कोर्टानं सांगितलं की शहराच्या हद्दीतल्यांना तो लागू नाही. त्या तीन महिन्यांत पोरं पांगली, अड्डे तुटले. केरळात एकानं दारापुढे भिंतींचा चक्रव्यूह बांधून अंतर वाढवलं होतं म्हणे, भारी डोकं.

तर्री_जास्त
वर्ध्याचे लोक मग कुठं गेले बे? त्यांची दारूबंदी, त्यांचे बार तर आपलेच ना

अजनी_लाईन
काचेवर कोणी बोलून नाही राहिलं. सॅन फ्रान्सिस्कोचा ट्विन पीक्स बार दोन बायकांनी घेतला अन् १९७२ ला समोर मोठ्या साध्या काचा लावल्या, रस्त्यावरून सगळे दिसतील अशा. स्टोनवॉलला आतून काळी प्लाय होती. काचेवर चिकटवायच्या फिल्मचं गणित लक्षात ठेवा. आरशाची फिल्म उजेड जास्त त्या बाजूला आरसा होते. दिवसा बाहेरून काही दिसत नाही, रात्री आत दिवे लागले की बाहेरून सगळं दिसते अन् आतल्याला आपलंच तोंड. रात्री आडोसा पाहिजे तर फ्रॉस्टेड लावा किंवा पडदा. नागपुरात तर खिडकीत कूलरच ठोकलेला असते, विषय संपला.

गोकुळपेठ_रेकॉर्डर
कूलरवरून. जुन्या लोकांचं बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर कूलर बंद, नाहीतर नुसती घरघर येते. मे महिन्यात म्हाताऱ्या माणसाला विनाकूलर पाऊण तास बसवू नका, पंधरा मिनिटं बोला, पाच मिनिटं कूलर. फोन हातभर अंतरावर, फडक्यावर. परवानगी सुरुवातीला अन् ऐकवून झाल्यावर, दोन्ही वेळा घ्या. नाव बदलून पुरत नाही, गल्ली अन् नोकरी पण बदला. इथे सगळ्यांना सगळे ओळखतात.

महालच्या_काकू
आमचा कूलर बंद करून पण घुंऽऽ करतो

इतवारीचा_वायरमन
काकू, प्लग काढा आधी. मग टाकी पाहा, पंपाच्या जाळीत खस अडकली असन. पाणी पंप बुडेल एवढं ठेवा. स्विच बंद असून वाजते म्हणजे स्विच न्यूट्रलवर आहे अन् लाइन कुठंतरी लीक होऊन राहिली. आतल्या तारांना हात नका लावू, मी येतो.